सुचतं खूप, पुरं काहीच होत नाही: कल्पनेपासून शेवटच्या खर्ड्यापर्यंत

अर्धीवही

वहीत चाळीसेक कल्पना आहेत. काही एका ओळीच्या, काही दीड पानापर्यंत गेलेल्या. पूर्ण म्हणावी अशी कथा एकही नाही. कविता तीन-चार आहेत, त्याही कशाबशा संपवलेल्या. कथेत सहाशे-सातशे शब्दांपर्यंत गाडी बरी चालते, मग रुतते. कवितेत पहिल्या दोन ओळी झकास येतात आणि पुढे यमकं जुळवण्याचा कारखाना सुरू होतो.

'भरपूर वाचा', 'रोज लिहा', 'आतून यायला हवं' हे सगळं ऐकून झालंय, तेव्हा ते सोडून सांगा. कल्पना लिहायला घेण्याइतकी पिकली हे कशावरून ओळखायचं? आराखडा आधी करायचा का? किती खर्डे करायचे, आणि प्रत्येक खर्ड्यात नेमकं काय बघायचं? झालं, आता हात लावायचा नाही, हे कसं ठरवायचं?

सोदाहरण सांगणार असाल तर सध्या हाताशी असलेल्या दोन कल्पना देतो. कथेची: आईच्या मागे दोन भाऊ तिचं घर रिकामं करताहेत. कवितेची: गेलेल्या माणसाचा नंबर फोनमध्ये अजून तसाच आहे.

खर्डेबहाद्दर

कथेपुरतं बोलतो, कवितेचं जाणकार सांगतील.

सातशे शब्दांवर रुतण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. हातात विषय असतो, कथाबीज नसतं. 'दोन भाऊ घर रिकामं करताहेत' हा विषय झाला. त्यात वातावरण भरपूर आहे: भिंतीवरचे फोटोंचे डाग, रिकाम्या खोलीतला आवाज वगैरे. वातावरणाच्या जोरावर सातशे शब्द आरामात निघतात. त्यापुढे कथेला ओढायला कुणाला तरी काहीतरी हवं असावं लागतं.

बीज झालंय का हे बघायला एक वाक्य पुरं करून पाहा: कोणाला काय हवंय, ते आजच का हवंय, आणि ते होऊ नये असं कोणाला वाटतंय. तुमच्या कल्पनेचं समजा असं केलं: 'धाकट्याला संध्याकाळपर्यंत घर रिकामं हवंय, कारण उद्या सकाळी घेणारा ताबा घ्यायला येतोय, थोरल्याला आईचं बंद कपाट उघडलं जाऊ नये असं वाटतंय.' आता बघा, काळ ठरला (एक दिवस), जागा ठरली, पात्रं ठरली, आणि दोघांच्या मध्ये ठेवायला एक वस्तू मिळाली. 'आजच का' हा तुकडा सगळ्यात जास्त वेळा राहून जातो. तो नसला की पात्रं बसून आठवणी काढत राहतात, कारण त्यांना दुसरं काही करायचं नसतं.

कपाटात काय आहे हे लेखकाला पहिल्या दिवसापासून माहीत हवं. वाचकाला सांगायचं की नाही, हा निर्णय नंतरचा. 'बघू, लिहिताना सुचेल' म्हणून सोडलं तर थोरल्याची सगळी वाक्यं गुळमुळीत होतात. तो काय लपवतोय हे तुम्हालाच माहीत नसेल तर तो कसं लपवेल?

मग निवेदन कुणाच्या बाजूने करायचं ते. थोरल्याच्या 'मी'मधून सांगितलं तर अडचण येते, कारण त्याला गुपित माहीत आहे आणि वाचकाला आपल्या मनात घेऊनही तो ते दडवतोय. ही फसवणूक वाचकाला कळते. धाकट्याच्या खांद्यावरून, तृतीयपुरुषी सांगितलं तर वाचक त्याच्याबरोबरच अंदाज बांधतो. ठरत नसेल तर तोच प्रसंग दोन्ही बाजूंनी दोनदोनशे शब्दांत लिहून पाहावा. अर्ध्या तासाचं काम आहे. पण मग एक बाजू पकडली की सोडायची नाही. धाकट्याच्या बाजूने चाललेल्या कथेत मध्येच 'थोरल्याच्या मनात चर्र झालं' आलं की भिंत फुटली. धाकट्याला ते दिसणार कसं? त्याला दिसेल ते एवढंच, की थोरल्याने हातातली दोरी परत गुंडाळायला घेतली.

आराखडा: तीन हजार शब्दांच्या कथेला पाच प्रसंग पुरे, प्रत्येकी पाचशे ते सातशे शब्द. प्रत्येकाला एक चिठ्ठी. तिच्यावर वर 'आत येताना काय स्थिती', खाली 'बाहेर पडताना काय बदललं'. खालची जागा कोरी राहिली तर तो प्रसंग नाही, वर्णन आहे. त्यातलं कामाचं वाक्य उचलून शेजारच्या प्रसंगात टाका आणि चिठ्ठी फाडा. याहून जास्त तपशिलात आराखडा करू नये. संवादसुद्धा आधीच ठरवून ठेवले की लिहिण्यात फक्त उतरवून काढणं उरतं आणि कंटाळा येतो.

पहिला खर्डा सलग पुढे न्यायचा. दिवसाला चारशे-पाचशे शब्द धरले तर आठवडाभरात तीन हजार होतात. मागे जाऊन दुरुस्त करायचं नाही. माहिती अडली तर चौकोनी कंसात 'इथे कागदाचं नाव' असं लिहून पुढे. रोज बसताना पहिल्यापासून वाचत आणि डागडुजी करत आलात तर काय होतं? पहिला परिच्छेद पंधरा वेळा घासला जातो, शेवटचा एकदाही नाही, आणि शिवाय तो घासलेला परिच्छेद पुढे कापवत नाही. कापायचा तर बहुधा तोच असतो. थांबताना प्रसंगाच्या मध्यावर थांबावं. दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानापुढे बसावं लागत नाही.

मग किमान दोन आठवडे फाईल उघडायची नाही.

दुसऱ्या खर्ड्यात फक्त बांधणी बघायची, शब्दांना हात नाही. पहिला प्रश्न: कथा खरं तर कुठे सुरू होते? बहुतेक पहिल्या खर्ड्यांत दुसऱ्या-तिसऱ्या पानावर. आधीचा मजकूर ही लेखकाने स्वतःला करून दिलेली ओळख असते. ती कापून वेगळ्या फाईलमध्ये ठेवा आणि त्यातल्या ज्या गोष्टीवाचून वाचक खरोखर अडेल तेवढीच पुढे कुठेतरी अर्ध्या वाक्यात घाला. दुसरा प्रश्न: पात्रांना जे वाटतं ते ती करतात की नुसती सांगतात? नेहमी दिसणारा नमुना देतो:

'थोरला अस्वस्थ झाला. त्याला लहानपणीचे दिवस आठवले. डोळे पाणावले. हे कपाट उघडू नये असे त्याला वाटू लागले.'

चार वाक्यं, चारही निकाल. वाचकाला पुरावा कुठेच नाही. (आणि निवेदन थोरल्याच्या डोक्यात शिरलंय, ते वेगळंच.) त्याऐवजी:

'कपाट शेवटी घेऊ, थोरला म्हणाला. मग खोकी बंद करायची चिकटपट्टी शोधायला तो तिसऱ्यांदा खाली गेला. पट्टी खिडकीतच होती.'

'अस्वस्थ' हा शब्द कुठे नाही. 'तिसऱ्यांदा' आणि 'खिडकीतच' या दोन शब्दांनी ते काम केलं. शेवटचं वाक्य धाकट्याच्या नजरेतून आहे, म्हणजे त्यालाही काहीतरी कळलंय हे आपोआप आलं.

तिसरा खर्डा भाषेचा. मराठीत इथे एक खास खड्डा आहे: 'केले-गेले' की 'केलं-गेलं'. दोन्ही चालतं, पण निवेदनात एक ठरवा आणि शेवटपर्यंत पाळा. संवादात मात्र पात्र बोलेल तसंच. निवेदन प्रमाण आणि संवादही प्रमाण झाला की दोन भाऊ एकमेकांशी 'मला हे योग्य वाटत नाही' असं बोलायला लागतात. काळाचंही तेच. 'तो आला, बसला' चाललेलं असताना रंगात येऊन 'तो उठतो, दार उघडतो' होतं. मुद्दाम केलं असेल तर ठीक, नाहीतर सरळ करा.

आणि हे शब्द फाईलमध्ये शोधून एकेक तपासा: अचानक, जणू, खूप, अतिशय, क्षणभर, एक वेगळाच, नकळत, कुठेतरी, तेवढ्यात. दहातले आठ काढले तरी वाक्याचं काही बिघडत नाही. तीन हजारांतले तीन-चारशे शब्द या खर्ड्यात जायला हवेत. गेले नाहीत तर दया दाखवली असं समजा.

शेवटी मोठ्याने वाचणे. तीन हजार शब्दांना वीस-पंचवीस मिनिटं लागतात. जीभ अडखळली तिथे पेन्सिलीची खूण. थांबून दुरुस्ती करत बसू नका, लय जाते.

लगावली

वरच्या प्रतिसादातलं 'विषय आहे, बीज नाही' कवितेलाही लागू, फक्त कवितेचं बीज वेगळं असतं. कथेला ताण लागतो. कवितेला एक नेमकी जागा लागते, जिथे साधी गोष्ट किंचित सरकते. 'गेलेल्याचा नंबर फोनमध्ये आहे' ही जागा नव्हे, ही परिस्थिती. तो नंबर कोणत्या क्षणी समोर येतो? तुम्ही चुकून लावला तेव्हा? तो दुसऱ्या कुणाला मिळाला आणि त्या जागी अनोळखी माणसाचा फोटो दिसला तेव्हा? नवा फोन घेतला तेव्हा? यातलं एक निवडलं की कविता सुरू होते. तिन्ही घातलं की निबंध.

यमकाच्या कारखान्याबद्दल. पहिली ओळ जशी सुचली तशी ठेवून तिच्या शेवटच्या शब्दाला यमक शोधत बसणं ही मूळ चूक. सुचलेल्या ओळीचा शेवट अनेकदा अशा शब्दावर होतो ज्याला सोबती कमी. तिथून पुढची प्रत्येक ओळ यमकाने ओढून आणलेली. तुमचाच विषय अष्टाक्षरीत घालून दाखवतो, चारही चरण आठ अक्षरांचे:

नवा फोन विचारतो
घेऊ का ही जुनी नावे
कोणा गाळू, कोणा ठेवू
तुला कुठे मी ठेवावे

अक्षरं मोजा, बरोबर भरतात. यमकही आहे. पण चौथी ओळ बघा. 'ठेवू' नुकतंच येऊन गेलं, तरी 'नावे'साठी 'ठेवावे' आलं. 'मी' अक्षर भरायला आलाय. बोलण्यात कुणी 'तुला कुठे मी ठेवावे' म्हणत नाही. यालाच भरती म्हणतात. उपाय दोन. एक: लिहायला बसण्याआधी यमकाचे शब्द वेगळ्या कागदावर मांडा. दहा-बारा शब्द निघाले आणि त्यातले निदान पाच विषयाच्या जवळचे असले तरच ते यमक घ्या, नाहीतर ओळीचा शेवट बदला. दुसरा: जोडीतली जी ओळ ओढून आणावी लागलीय ती आधी ठेवा आणि सहज आलेली नंतर. यमक पूर्ण होतं ते दुसऱ्या ओळीवर. कान तिथे लक्ष देतो आणि ती सहज वाटली की पहिलीची ओढाताण खपून जाते. कारागिरीची युक्ती आहे, पण चालते.

वृत्तात लिहायचं तर मोजणी पक्की हवी. ह्रस्व अक्षर लघु, एक मात्रा. दीर्घ गुरू, दोन. अनुस्वार असलेलं गुरू. जोडाक्षराच्या आधीचं ह्रस्व, त्यावर उच्चारात आघात येत असेल तर गुरू: 'सत्य'मधला 'स' गुरू. 'तुझ्या', 'पुन्हा' यांत आघात येत नाही, म्हणून 'तु' आणि 'पु' लघुच. हा अपवाद न कळल्याने निम्म्या नवशिक्यांच्या ओळी मोडतात.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे नुसती बेरीज करणं. आनंदकंद वृत्त घ्या ('गा' म्हणजे गुरू, 'ल' म्हणजे लघु): गागाल गालगागा गागाल गालगागा, एकूण २४ मात्रा. 'हा फोन वाजताना तो कोण आठवावा' ही ओळ बसते. आता 'हा फोन वाजताना तुझी आठवण येते' बघा. दुसऱ्या अर्ध्याच्या मात्रा मोजल्या तर १२ भरतात, बेरीज २४ येते, आणि तरीही ओळ मोडलेली आहे. 'गागाल' हवं तिथे 'तुझी आ' म्हणजे 'लगागा' आलं. एका गुरूच्या जागी दोन लघु ही सूट मात्रा मोजून बांधलेल्या मात्रावृत्तात मिळते, गझलेत शक्यतो लगक्रमच, म्हणजे लघु-गुरूंचा ठरलेला क्रमच पाळतात. पण लघु-गुरूची जागाच उलटली तर कुठलीच सूट वाचवत नाही. टाळी धरून म्हणून पाहा, 'तुझी'वर ठेच लागते. छंदांची पक्की माहिती हवी असेल तर कवी माधव जूलियनांची 'छंदोरचना' अजूनही पहिली पायरी. वाचायला जड आहे, संदर्भाला ठेवायची.

गझल लिहिणार असाल तर उलटं चालावं लागतं. आधी जमीन ठरते: वृत्त, काफिया (यमकाचा शब्द), रदीफ (काफियानंतर जसाच्या तसा परत येणारा शब्द). मतल्यात, म्हणजे पहिल्या दोन ओळींच्या शेरात, 'घर' आणि 'दर' घेतलेत की 'र'च्या आधीचा 'अ' स्वर म्हणजे अलामत बांधली गेली. मग 'दूर' चालणार नाही, कितीही चांगला शेर होत असला तरी. किमान पाच शेर हवेत, म्हणून काफियांची यादी पंधराच्या खाली असेल तर ती जमीन सोडून द्या. तिसऱ्या शेरापाशी कोरडी पडते.

मुक्तछंदाबद्दल एकच. तो सोपा नाही. यमक आणि वृत्त नसताना ओळ कुठे तोडायची हे एकमेव हत्यार उरतं, आणि लोक नेमकं तेच बोथट ठेवतात. गद्य वाक्य श्वास संपला तिथे तोडलं म्हणजे कविता झाली नाही.

उलटं_टोक

खर्डेबहाद्दर यांच्या आराखड्याशी अर्धवट सहमत. चिठ्ठ्या करून लिहिणाऱ्यांच्या कथा पुष्कळदा इतक्या बिनचूक होतात की वाचून झाल्यावर काही शिल्लक राहत नाही. काही कल्पना लिहिल्याशिवाय उलगडतच नाहीत. त्यांच्यासाठी पद्धत अशी: शेवट ठरवू नका, पण एक वस्तू आणि एक नियम ठरवा. उदा. वस्तू कपाट, नियम असा की घराबाहेर जायचं नाही आणि भूतकाळातला प्रसंग दाखवायचा नाही. मग मोकळे सुटा. हजारभर शब्द झाले की थांबा, छापून काढा आणि जिथे स्वतःलाच 'अरे' वाटलं ते वाक्य अधोरेखित करा. कथा तिथे आहे. बाकीचे नऊशे शब्द टाकायचे. आराखडा हवाच असेल तर या वाक्यानंतर करा.

यात वाया जाणारा मजकूर दुप्पट-तिप्पट असतो हे मान्य. ज्यांना कापायला जिवावर येतं त्यांनी या वाटेला जाऊ नये.

अर्धीवही

सगळ्यांचे आभार. कथाबीजाचं वाक्य इतर कल्पनांवर लावून पाहिलं. चाळीसपैकी सहाच टिकल्या! एका परीने हलकं वाटलं.

नंबरच्या कवितेचा मुक्तछंदातला खर्डा देतो. निर्दयपणे बोला.

तुझा नंबर अजून माझ्या फोनमध्ये आहे
तुझी आठवण मनात दाटून येते
नवीन फोन घेतला तरी तो मी पुसला नाही
हृदयाच्या कोपऱ्यात तू सदैव राहशील

आणि खर्डेबहाद्दर, शेवटाचं राहिलं. कपाट उघडायचं की नाही?

लगावली

निर्दयपणे म्हणालात म्हणून. दुसरी आणि चौथी ओळ कुठल्याही माणसाबद्दल, कुठल्याही कवितेत चालेल. म्हणजे ती या कवितेची नाही. 'आठवण', 'मनात', 'हृदय', 'सदैव' हे चारही शब्द काढा आणि काय उरतं बघा. तिसरी ओळ उरते. जागा सापडली: नवीन फोन. तिथे नेमकं काय होतं? फोन विचारतो, जुने नंबर आणायचे का. तो एकेक विचारत नाही, सगळ्यांचं एकदम विचारतो. आपण एकदाच 'हो' म्हणतो. म्हणजे 'मी पुसला नाही' हे खरं तर घडतच नाही, निर्णय घ्यायची वेळच येत नाही. हे तुमच्या ओळीपेक्षा जास्त बोचरं आहे, कारण त्यात त्यागबिग काही नाही.

एक शक्यता:

नव्या फोनने विचारलं,
जुने नंबर घेऊ का
सगळे?

हो म्हटलं.

चारशे बारा आले.
तुझाही,
वर्णानुक्रमाने.

ओळी कुठे तोडल्यात ते बघा. 'सगळे' एकटा टाकला, कारण प्रश्नातला घाव त्या शब्दात आहे, पण फोनला ते माहीत नाही. 'हो म्हटलं'च्या दोन्ही बाजूंना मोकळी ओळ, म्हणजे वाचताना तिथे थांबावं लागतं. आकडा नेमका हवा. 'शेकडो' लिहिलं असतं तर ते कवीचं बोलणं झालं असतं, 'चारशे बारा' हे यंत्राचं. आणि 'वर्णानुक्रमाने' हा कार्यालयी शब्द शेवटी मुद्दाम. तो इतका कोरडा आहे की दुःख वाचकाला स्वतःच आणावं लागतं. म्हणूनच हा मजकूर अष्टाक्षरीत बसवू नये असं माझं मत. अष्टाक्षरीचा झोका या कोरडेपणाला गोंजारतो. आशय आधी की वृत्त आधी या नेहमीच्या वादाला माझं उत्तर हेच: मजकुराचा स्वर कोणता ते आधी ऐका.

'म्हटलं' आणि 'विचारलं' हे दोन 'लं' जवळ आलेत, ते मला खटकतंय. 'हो' एवढंच ठेवून बघा. मोठ्याने दोन्ही वाचा आणि तुमचं तुम्ही ठरवा.

लांबीबद्दल घाबरू नका. कवी एलियटच्या १९२२ च्या 'द वेस्ट लँड' या दीर्घ इंग्रजी कवितेचं हस्तलिखित १९७१ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात त्याचा कवीमित्र एझरा पाउंडने मारलेल्या काटछाटीच्या रेघा जशाच्या तशा दिसतात, पानंच्या पानं गेलीत. उरल्या त्या सुमारे ४३० ओळी. तुमच्या चार ओळींतून एक उरली तर प्रमाण वाईट नाही.

खर्डेबहाद्दर

@अर्धीवही, शेवट. 'उघडायचं की नाही' हा प्रश्न चुकीच्या टोकाने धरलाय. बीजाच्या वाक्यात दोन इच्छा होत्या: धाकट्याला घर रिकामं हवंय, थोरल्याला कपाट बंद हवंय. शेवटी कुणाची इच्छा पुरी झाली आणि त्याची किंमत कुणी मोजली, एवढं बघा. चार वाटा कागदावर मांडा. उघडतात आणि आत काही विशेष नाही. उघडतात आणि आत ते आहे. न उघडता तसंच विकतात. धाकटाच म्हणतो, राहू दे. प्रत्येकीसमोर 'मग यापुढे हे दोघं एकमेकांशी कसं बोलतील' याचं उत्तर लिहा. ज्या वाटेचं उत्तर सुरुवातीच्या नात्यापेक्षा वेगळं येतं आणि तरी मागच्या पाच प्रसंगांतून निघालेलं वाटतं, ती घ्या. मला स्वतःला चौथी बरी वाटते, पण मग धाकट्याने 'राहू दे' म्हणण्याआधी त्याला काय दिसलं हे तिसऱ्या प्रसंगातच पेरून ठेवावं लागेल. शेवट जमत नाही तेव्हा दुरुस्ती शेवटच्या पानावर नसते, साधारण मध्यावर असते. ही गोष्ट कळायला वेळ लागतो.

टाळायचे शेवट: स्वप्न होतं, अपघात झाला, पत्र सापडलं आणि त्यात सगळं लिहिलेलं होतं. आणि शेवट झाल्यावर आणखी एक परिच्छेद, ज्यात लेखक समजावून सांगतो. शेवटचा परिच्छेद झाकून कथा वाचून पाहा. न बिघडता संपली तर तो उडवा. हे इतक्या वेळा लागू पडतं की तपासणीतली ठरलेली पायरीच करून टाकावी.

खर्डे किती, याला आकडा नाही. अमेरिकी लेखक हेमिंग्वेने १९५८ च्या एका मुलाखतीत 'अ फेअरवेल टू आर्म्स' या आपल्या कादंबरीचा शेवट ३९ वेळा लिहिल्याचं सांगितलं होतं. त्यावरून लगेच ३९ चा नेम धरू नका, तो एका शेवटाचा हट्ट होता. नेहमीच्या कथेला बांधणीचे एक-दोन आणि भाषेचे दोन पुरतात. थांबायचं कधी? सलग दोन वाचनांत बदल फक्त शब्दांच्या अदलाबदलीचे होत असतील, 'पाहिलं'चं 'बघितलं' आणि दुसऱ्या दिवशी परत 'पाहिलं', तर थांबा. मात्र एखाद्या वाक्यापाशी दर वेळी नजर घाईने पुढे सरकत असेल तर काम राहिलंय. ते वाक्य तुम्हालाही माहीत असतं.

वाचायला देताना 'कशी वाटली' विचारू नये, 'छान' असं उत्तर येतं. तीन गोष्टी विचारा: कुठे वाचणं थांबवावंसं वाटलं, कुठे मागे जाऊन परत वाचावं लागलं, थोरल्याला काय हवं होतं असं वाटतं. दोन-तीन वाचक पुरेत. तिघांनी एकाच जागेवर बोट ठेवलं तर ती जागा नक्की बिघडलीय. पण त्यांनी सुचवलेला उपाय बहुधा चुकीचा असतो. दुखणं त्यांचं खरं माना, औषध तुमचं तुम्ही शोधा.

काना_मात्रा

चर्चा छान चाललीय, एक कोरडी भर. खर्ड्यांच्या फाईलींना 'अंतिम', 'अंतिम२', 'खरंच अंतिम' अशी नावं देऊ नका. नाव, मग खर्ड्याचा क्रमांक, मग तारीख: 'कपाट ०३' आणि पुढे त्या दिवसाची. जुन्या खर्ड्यावर लिहायचं नाही, प्रत काढून पुढचा क्रमांक. कापलेल्यासाठी एकच 'कात्रणं' फाईल. ती असली की कापताना हात थरथरत नाही.

मुद्रितशोधन सगळ्यात शेवटी, आणि वेगळ्या आकाराच्या अक्षरांत किंवा कागदावर. पडद्यावरची ओळ डोळ्यांना पाठ झालेली असते, चूक दिसत नाही. नेहमी सुटणाऱ्या जागा: 'कि' आणि 'की', इकारान्त-उकारान्त शब्दांची सामान्यरूपं, 'आणि'चा शेवटचा ह्रस्व, अवतरणचिन्ह उघडून बंद न केलेलं. संवाद असलेल्या कथेत तर चिन्हांसाठी एक वेगळं वाचनच करा. कवितेत ओळी आणि मोकळ्या जागा मजकूर पाठवल्यावर सरकतात, म्हणून सोबत एक पीडीएफ जोडा. लगावली यांच्या वरच्या कवितेत 'हो'च्या आजूबाजूच्या दोन मोकळ्या ओळी गेल्या तर काय उरेल ते बघा.

शीर्षक शेवटी ठरवलंत तरी चालेल. 'कपाट' नको, पहिल्याच ओळीआधी बोट दाखवल्यासारखं होतं.

अर्धीवही

'चिकटपट्टी' ठेवू का?

उलटं_टोक

ठेवा. निदान कात्रणं फाईलला तरी नक्की.